कपाटातली कॅसेट आणि बंद पडलेला व्हीसीआर



शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की आम्ही घरातले एक कपाट उपसायला घेतो. यंदा अम्मीच्या लोखंडी कपाटाची पाळी होती. रजया खाली काढल्या, तर तळाशी जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या चार व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. एकीवर उर्दूत लिहिले होते, 'शादी, १९९०'. ती आमच्या आपाच्या लग्नाची.

मरहूम अब्बांना कॅमेऱ्यासमोर उभे राहणे पसंत नव्हते. ओळखपत्रापुरता काढलेला एक फोटो घरात आहे, तेवढाच. पण अम्मीला आठवत होते, "रुखसतीच्या वेळी ते आपाशी बोलले होते. कॅमेरावाला तिथेच उभा होता. त्यात आवाज असेल बघ."

मग काय, माळ्यावरचा व्हीसीआर खाली आला. मामू सौदीहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तो आणला होता. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला, आणि त्यानंतर आखातात कमावायला गेलेल्यांच्या सामानात व्हीसीआरचा खोका हमखास दिसू लागला. ज्यांच्याकडे नव्हता ते टीव्हीसकट एका रात्रीपुरता भाड्याने आणत.

इथे आमची चूक झाली. धूळ पुसली, वायर लावली आणि सरळ लग्नाची कॅसेट आत ढकलली. दोन-तीन मिनिटे चित्र आले, मग घरघर झाली आणि पडदा पांढरा पडला. कॅसेट बाहेर काढली तर हातभर फीत मशीनच्या आतच अडकलेली. अम्मी काही बोलली नाही. उठून आत गेली, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन आणि कॅसेट घेऊन सुलतानपूरहून मेहकरला गेलो. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत आयुष्य काढलेले एक चाचा आहेत. दुकान आता मुलाने मोबाइलचे केले आहे, पण कोपऱ्यातले टेबल चाचांचे. त्यांनी झाकण उघडले, एका काळ्या रोलरवर नख दाबले आणि म्हणाले, "मास्टरसाब, मशीन नहीं मरती, रबर मरता है."

मग त्यांनी समजावून सांगितले. व्हीसीआरमध्ये अर्धा इंच रुंदीची फीत कॅसेटीतून बाहेर ओढली जाते आणि एका तिरप्या गोल ड्रमला गुंडाळली जाते. हा ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्यावर केसाएवढी बारीक हेड असतात, ती फितीवर तिरप्या रेघांत लिहिलेले चित्र वाचतात. फीत मात्र सावकाश सरकते, सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. तिला सरकवते एक पोलादी दांडी आणि तिच्यावर दाबून बसणारा रबरी रोलर. पडून राहिलेले रबर कडक आणि गुळगुळीत होते, पट्टे सैल पडतात, ग्रीस घट्ट होते. मग पुढून आलेली फीत मागे गुंडाळली जात नाही आणि मशीन ती चावते. चाळीस वर्षांच्या मशीनचा रोग बहुतेक वेळा इथेच असतो. दुसरा रोग वीजपुरवठ्याच्या भागातले कंडेन्सर सुकण्याचा. त्या भागाला घरी कोणी हात लावू नये, वायर काढल्यावरही त्यात काही वेळ करंट राहतो.

चाचांनी भंगारातल्या एका मशीनमधून बरा रोलर काढला, पट्टे बदलले. मग हेडची सफाई. आम्हाला आठवले, पूर्वी लोक कोरी नोट घेऊन हेड घासायचे. चाचा हसले. "त्यानेच किती हेड गेली!" मऊ चामड्याच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचे, तुकडा ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासायचे नाही, हेड तुटते. कापूस तिथे वापरायचा नाही, त्याचे धागे अडकतात.

नंतर कॅसेट उघडली. तिच्या पाठीला पाच स्क्रू असतात. चुरगळलेली फीत त्यांनी बोटाला कापड गुंडाळून सरळ केली. खालची कड पार मुडपली होती. आम्ही खाली मान घातली. तेव्हा ते म्हणाले, "वरची कड शाबूत आहे. आवाज वरच्या कडेला असतो."

हे आम्हाला ठाऊक नव्हते. चित्राच्या रेघा फितीच्या मधल्या भागात असतात, ताल धरणारी खूण खालच्या कडेला आणि साधा आवाज वरच्या कडेला, वेगळ्या पट्टीत. एक गेले म्हणजे सगळे गेले असे नाही.

चाचांनी आधी एका जुन्या सिनेमाची टाकाऊ कॅसेट तासभर चालवून पाहिली. मगच आपाची लावली. चुरगळलेल्या जागी पडदा फाटल्यासारखा झाला, रेघाच रेघा. आणि त्या रेघांमागून, जरा थरथरत, अब्बांचा आवाज आला, "बेटा, पहुँचते ही खत लिखना." मागे बायकांचे रडणे. मग चित्र परत आले तेव्हा जीप निघून गेली होती.

तो भाग आम्ही त्याच दिवशी संगणकावर उतरवला. रात्री अम्मीने तो चार वेळा ऐकला. आपाला फोनवर ऐकवला. ती म्हणाली, "मी खत लिहिले होते. अब्बांनी जपून ठेवले होते."

मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख व्हीसीआरवर दृश्ये जोडत जोडत संकलन शिकले आणि त्यांनी 'मालेगाव के शोले' हा चित्रपट बनवला. या मशीनने आपल्या वस्त्यांत कितीतरी हातांना काम दिले. आता नवीन मशीन मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा नवा व्हीसीआर बनवणारे जगात दुसरे कोणी उरले नव्हते. सुटे भाग भंगारातून मिळतात आणि चाचांसारखी माणसे थोडीच आहेत.

म्हणून विनंती. कपाटातली कॅसेट आधी उजेडात पाहा. खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. मागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा शाबूत असेल तर तोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे रेकॉर्ड होणार नाही. फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक हेडला लागतो. पावसाळ्यात दमट हवेत मशीन लगेच चालू करू नका, ओला ड्रम फितीला चिकटतो. कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी आणि स्पीकरपासून दूर ठेवा.

मशीन ठीक चालू लागले की वेळ न घालवता नक्कल करा. व्हीसीआरमागच्या पिवळ्या आणि पांढऱ्या जागी वायर लावायची, दुसरे टोक कॅप्चर कार्डाला, ते संगणकाला. तीन तासांच्या कॅसेटीला पूर्ण तीन तास लागतात, घाई चालत नाही. नक्कल दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्या घरी, एक बहिणीच्या किंवा भावाच्या.

आमच्याकडच्या तीन कॅसेटी अजून बाकी आहेत. त्यांच्यावर काहीच लिहिलेले नाही. पुढच्या रविवारी, इन्शाअल्लाह, चाचांकडे जाणार आहोत. या वेळी टाकाऊ कॅसेट सोबत घेऊन.