व्यक्तिचित्रासाठीं कॅमेरा कीं भिंग?

हल्लीं आमच्या अनेक विद्यार्थ्यांस छायाचित्रणाचा नाद लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चेहरा स्पष्ट व मागचें सर्व धूसर असें व्यक्तिचित्र साधावयाचें तर अत्यंत महाग कॅमेराच हवा, असा समज त्यांच्यांत रूढ झालेला दिसतो. आणि त्याचा भार अखेर पालकांवर पडतो. आमच्या मतें हा समज बरोबर नाहीं.

पार्श्वभूमि धूसर करणें हें मुख्यत्वें भिंगाचें काम आहे. १८४० सालीं व्हिएन्ना येथें जोसेफ पेट्झवाल यानें व्यक्तिचित्रांसाठीं रुंद भिंग रचलें, तें अधिक प्रकाश आंत यावा व माणसास फार वेळ निश्चल बसावें लागूं नये म्हणून. त्याबरोबर चेहऱ्याभोंवतालचा भाग मृदु उमटूं लागला. तोच नियम आजहि चालतो. चौकटींत चेहरा तेवढाच मोठा ठेवल्यास, दूरची वस्तु किती धूसर होईल हें भिंगाच्या प्रकाशद्वाराच्या व्यासावर ठरतें. नाभीय अंतरास एफ-अंकानें भागिलें कीं हा व्यास निघतो. कॅमेऱ्याबरोबर बहुधा मिळणारें १८-५५ मिलिमीटरचें भिंग ५५ वर एफ/५.६ इतकेंच उघडतें. म्हणजे द्वार सुमारें १० मिलिमीटर. ५० मिलिमीटर, एफ/१.८ या साध्या भिंगाचें द्वार सुमारें २८, तर ८५ मिलिमीटर, एफ/१.८ चें सुमारें ४७ मिलिमीटर भरतें. मोबाइल फोनचें बहुधा तीन-चार मिलिमीटरच असतें. म्हणून फोन पार्श्वभूमि गणितानें पुसतो, आणि केंसांच्या बटांपाशीं किंवा चष्म्याच्या कडेशीं पुष्कळदां फसतो.

तेव्हां जुना, वापरलेला परंतु सुस्थितींतला कॅमेरा घ्यावा व त्यास बसणारें ५० मिलिमीटरचें भिंग जोडावें. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तें ७५-८० प्रमाणें दृश्य देतें, व चेहऱ्यासाठीं तें उत्तम. माणसास भिंतीपासून दहा-बारा फूट पुढें बसवावें, डोळ्यावर फोकस साधावा. फार जवळून एफ/१.८ वर एक डोळा स्पष्ट व दुसरा पुसट होतो, तेथें एफ/२.८ बरें.

आतां दुसरी गोष्ट. सर्वच पार्श्वभूमि पुसण्याजोगी नसते. वसमतकडील अंगणांत हळद वाळत घालणाऱ्या आजीमागची ती पिंवळी रास, किंवा औंढा नागनाथाच्या मंदिराची कोरीव भिंत, हीं त्या माणसाच्या आयुष्याचींच अंगें होत. तेथें द्वार एफ/८ पर्यंत लहान करावें. कित्येक घरीं आजीचें एकमेव छायाचित्र आधार कार्डावरचेंच असतें, आणि त्यांत ना तिचें घर दिसतें ना शेत.

आमचे विद्यार्थी या सुट्टींत घरच्या वडीलधाऱ्यांचीं दोन तरी चित्रें काढतील, एक केवळ चेहऱ्याचें व एक त्यांच्या कामाच्या जागीं. आणि छापून घेऊन मागें नांव, गांव व तारीख लिहून ठेवतील, अशी आम्हांस आशा आहे.