कोशिंबीर गृहिणीच्याही ताटात हवी

मुळे बाजारात धाडावयाचे आणि पाला गुरांपुढे टाकावयाचा, ही रीत आता बदलली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुळ्याच्या पाल्यात लोह असते. पेरू व लिंबू यांतील ‘क’ जीवनसत्त्व ते अंगी लागण्यास साहाय्य करते. यास्तव कोवळा पाला स्वच्छ धुऊन बारीक चिरावा. त्यात किसलेले गाजर, पेरूच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, शेंगदाण्याचे कूट व मीठ घालून वर लिंबू पिळावे. चिरून ठेवल्याने ‘क’ जीवनसत्त्व घटते. म्हणून कोशिंबीर जेवणाच्या वेळीच करावी. परंतु ती पुरुषांच्या पंगतीतच संपली, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. गृहिणीचा वाटा आधी काढून ठेवावा, हेही कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावे.