आधी खुराडे, मग कोंबडी

दिवेलागण झाली की पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पाड्यांवरील अनेक घरांत एक काम ठरलेले असते. अंगणात चरणाऱ्या कोंबड्या हुसकत घरात आणायच्या आणि कोपऱ्यात डालग्याखाली झाकायच्या. चुलीपासून चार हातांवर कोंबड्या आणि त्याच जमिनीवर माणसांची अंथरुणे. यात निष्काळजीपणा नाही, साधा हिशेब आहे. बाहेर मुंगूस आहे, रानमांजर आहे, रात्री कोसळणारा पाऊस आहे. एका रात्रीत पाच कोंबड्या गेल्या, तर अडीअडचणीला विकायला हाताशी असलेली पुंजीच जाते. मात्र या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो. तो म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या आरोग्याचा.

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही कॅम्पिलोबॅक्टर किंवा साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. कोंबडीला त्यांचा त्रास होतोच असे नाही. पण रांगणारे मूल जमिनीवरचे जे हाताला लागेल ते तोंडात घालते आणि विष्ठेतले जंतू त्याच्या पोटात जातात. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही, वाढ खुंटते. इथिओपियाच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत दुहेरी चित्र दिसले. कोंबड्या पाळणाऱ्या घरांतील मुलांची उंची तुलनेने बरी होती. पण जिथे कोंबड्या रात्री घरातच ठेवल्या जात, तिथे संबंध नेमका उलटा आढळला. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. अंडी मुलांच्या ताटात हवीत, कोंबडी त्यांच्या अंथरुणाशेजारी नको.

म्हणजे खुराडे हा केवळ पशुसंवर्धनाचा विषय नाही, तो सार्वजनिक आरोग्याचाही आहे. तरीही परसातल्या कुक्कुटपालनाची चर्चा होते ती पिलांच्या संख्येवर. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची पिले वाटली जातात आणि वाटपाचा आकडा हेच यश मानले जाते. गावरान कोंबडी चपळ असते, वेळ पडली तर झाडावर चढून बसते. अंगाने भारी असलेल्या सुधारित जातींना ते तितकेसे जमत नाही. त्यांना निवारा अधिक लागतो, आणि नेमका तोच शेवटी आठवतो.

चांगले खुराडे महाग असते, हा समज त्याच्या आड येतो. दहा कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. बांबू, तुराट्या किंवा जुन्या फळ्यांचा सांगाडा घरच्या घरी उभा राहतो. खरा खर्च जाळीचा, आणि चूकही तिथेच होते. बाजारात स्वस्त मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. घूस ती कुरतडते, मांजर पंजा घालून पिलू ओढते, साप आरामात आत शिरतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश जाळी महाग पडते. पण ती सगळीकडे लागत नाही. खालचे दोन फूट आणि झरोके यांना ती लावली, तरी मोठा धोका टळतो. खुराडे जमिनीलगत असेल, तर मुंगूस कडेने उकरून आत येतो. त्यावर उपाय म्हणजे जाळीचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगडमाती टाकणे. उकरणारा प्राणी भिंतीपाशीच उकरतो आणि पंजाखाली जाळी लागली की बहुधा नाद सोडतो. दिवसा घार आणि शिक्रा यांच्यापासून पिलांना वाचवायला अंगणातल्या वाड्यावर जुने मासेमारीचे जाळे ताणून बांधले तरी भागते. ते जमिनीवर लोंबकळू मात्र देऊ नये, त्यात साप अडकतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय फुकटचा आहे. अंधार पडण्याआधी दार बंद करून कडी घालणे.

हवामानाचा मारा शिकाऱ्याइतकाच जीवघेणा असतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की उघडा पत्रा म्हणजे तवाच. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, त्यावर उसाचे पाचट किंवा गवत पसरावे आणि खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. पावसाळ्यात प्रश्न ओलीचा. जमिनीपासून दीड-दोन फूट उंची, उताराचे छप्पर आणि बाहेर आलेली वळचण एवढ्याने निम्मे काम होते. तळाला भाताचा तूस टाकून तो वरचेवर हलवावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि अमोनियाने डोळे, श्वासनलिका सुजतात. थंडीत गोणपाटाचा पडदा लावावा, पण वरची फट मोकळी सोडावी. बंद खुराड्यात निखारे ठेवणे म्हणजे विषारी वायूला बोलावणे.

छपराचा आणखी एक उपयोग आहे. रानपक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडत नाही. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात झाला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यापर्यंत त्याची झळ पोहोचली. रात्री दाणे उघडे न ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. शिवाय उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला परका नाही. अर्थात, खुराडे कितीही भक्कम असले तरी मानमोडीची लस चुकवून चालत नाही.

निवारा नसला, की माणसे दुसऱ्या टोकाला जातात. मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवणे, कुंपणात वीज सोडणे हे प्रकार घडतात. मुंगूस, रानमांजर, बिबट्या यांना कायद्याचे संरक्षण आहे. विष आणि वीज मात्र मुंगूस, गावचे कुत्रे आणि शेजारचे मूल यांत फरक करत नाहीत. जाळीच्या चार हात तुकड्याने जे साधते, त्यासाठी कोणाचा जीव जाण्याचे कारण नाही.

म्हणून पिलांचे वाटप करणाऱ्यांनी क्रम बदलायला हवा. अंगणात खुराडे उभे असल्याचे पाहावे आणि मगच पिले द्यावीत. ज्या घराला जाळी परवडत नाही, त्याला दहा पिलांऐवजी आठ पिले आणि जाळी द्यावी. अंगणवाडी सेविका आणि पशुधन पर्यवेक्षक एकाच गावात फिरतात. मुलाचे वजन घेणाऱ्याने कोंबड्या रात्री कुठे झोपतात, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ. कोंबडी घराबाहेर निर्धास्त झोपू लागली, तरच घरातल्या मुलाची जमीन स्वच्छ राहील.