पुस्तक मिटून पटकथा लिहिणारा

कादंबरीवर सिनेमा आला की आपल्याकडे मध्यंतरातच एक प्रश्न ऐकू येतो : पुस्तकाला न्याय दिलाय का? ‘शाळा’च्या वेळी बोकिलांच्या वाचकांनी तो विचारला, ‘दुनियादारी’च्या वेळी सुशिंच्या. दुसऱ्या गटातले काही तर अजून भेटले की त्याच विषयावर येतात. विचारणारा मनातल्या मनात पुस्तक उघडं धरूनच बसलेला असतो. कुठलं पान गळलं, कुठला प्रसंग हलवला, सगळ्याची नोंद चालू. अ‍ॅलेक्स गार्लंड या ब्रिटिश लेखक-दिग्दर्शकाने २०१८ मध्ये अशा वाचकाची पुरती पंचाईत करून ठेवली. जेफ वँडरमीरची ‘अ‍ॅनायहिलेशन’ त्याने वाचली, मिटली आणि पुन्हा न उघडता, जेवढी आठवली तेवढ्यावर पटकथा लिहिली. वाचताना स्वप्न पडल्यासारखं वाटलं, मग सांगायचंही स्वप्न सांगतात तसंच, असा त्याचा हिशेब.

कादंबरीत किनाऱ्यालगतच्या निर्मनुष्य प्रदेशात चार बायकांची तुकडी जाते. कुणालाच नाव नाही, नुसते हुद्दे : जीवशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ. जमिनीत खोल उतरत जाणारा एक मनोरा आहे आणि त्याच्या भिंतीवर बुरशीसारखी जिवंत अक्षरं उगवत चालली आहेत. इतकी चित्रमय गोष्ट दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाने हातची सोडली नसती. गार्लंडच्या सिनेमात ती नाहीच. बायका पाच झाल्या, त्यांना नावं मिळाली, दीपगृह तेवढं उरलं. आणि एक अस्वल आलं.

हा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना नुसतं ‘अस्वल’ म्हटलं तरी पुरे. तिघीजणी खुर्च्यांना बांधलेल्या. तोल सुटलेल्या चौथीनेच त्यांना बांधलंय. बाहेरून मदतीची हाक येते, आधीच मेलेल्या पाचवीच्या आवाजात. चौथी धावत बाहेर जाते, आणि दारातून आत येतं ते जनावर. कवटी अर्धी उघडी. ते एकेकीच्या तोंडाशी तोंड आणतं, जबडा उघडतं आणि आतून त्या मेलेल्या बाईची शेवटची किंकाळी बाहेर पडते. भयपटातली जनावरं भुकेली असतात, ते आपल्या सवयीचं. इथे ते भुकेलं आहे की कळवळतंय हेच ठरवता येत नाही. त्या प्रदेशात एकाचं दुसऱ्यात मिसळतं : झाडात माणसाचा आकार, अस्वलात बाईचा आवाज. आठवणीतही हेच होतं, एका पुस्तकातलं दुसऱ्यात जातं.

गार्लंडचे आजोबा, आईचे वडील, म्हणजे पीटर मेडावर. एकाच्या अंगावरची त्वचा दुसऱ्याला लावली तर शरीर ती का टाकून देतं, आपलं आणि परकं कसं ओळखतं, याच्या शोधासाठी १९६० चं नोबेल त्यांना मॅकफार्लन बर्नेट यांच्याबरोबर मिळालं. नातवाने आपलं-परकं ही सीमाच पुसली गेलेला प्रदेश रंगवावा, याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. पुरावा काही नाही, पण सदर लिहिणाऱ्याला एवढी सूट असावी.

या पद्धतीची किंमतही त्याने मोजली. त्याने लिहायला घेतलं तेव्हा मालिकेचा पहिला भागच त्याच्या हाती होता. पुढच्या भागात नायिका आशियाई वंशाची असल्याचं स्पष्ट होतं. सिनेमात ती झाली नॅटली पोर्टमन. टीका झाली, आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं त्याने सांगितलं. खरं असेल, पण पुरेसं नाही. विसरून लिहायला हरकत नाही, पण कॅमेरा लावण्याआधी कुणीतरी पुढचे भाग वाचायला हवे होते. शेवट फार बौद्धिक आहे अशी कुरबूर निर्मात्यांपैकी एकाने केली, आणि पॅरामाउंटने अमेरिका, कॅनडा, चीन सोडून बाकी जग नेटफ्लिक्सला विकून टाकलं. त्यामुळे दीपगृहातला तो अफाट शेवट आपण मोठ्या पडद्यावर पाहिलाच नाही. मोबाइलवर पाहिलेल्यांची मला दया येते.

गंमत अशी, की दुसऱ्यांची पुस्तकं इतक्या मोकळ्या हाताने वापरणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पुस्तकांना हात लावलेला नाही. सव्विसाव्या वर्षी, १९९६ साली, ‘द बीच’ आली. बँकॉकच्या खाओ सान रोडवरच्या लॉजमध्ये एका पर्यटकाला हाताने काढलेला नकाशा मिळतो, त्यावरून तो कुणाला ठाऊक नसलेल्या किनाऱ्यावर पोहोचतो, आणि पोहोचलेली माणसंच त्या जागेची वाट लावतात. सिनेमा डॅनी बॉइलचा, पटकथा जॉन हॉजची. चित्रीकरण झालं त्या माया बे या थायलंडच्या छोट्याशा खाडीत पुढे रोज हजारो लोक लोटू लागले; २०१८ मध्ये सरकारने ती बंद केली आणि २०२२ च्या जानेवारीत, प्रवाळ जरा सावरल्यावर, उघडली. कादंबरीतली भीती सिनेमाने खरी करून दाखवली. ‘दिल चाहता है’नंतर शापोऱ्याच्या किल्ल्यावर फोटोसाठी रांग लावणाऱ्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

दुसरी कादंबरी ‘द टेसरॅक्ट’ मनिलात घडते. ऑक्साइड पँगने तिचा सिनेमा केला तेव्हा ती उचलून बँकॉकला नेली. तिसरी ‘द कोमा’, २००४ ची. मारहाणीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला आपण जागे आहोत की नाही हेच कळत नाही, एवढंच कथानक. चित्रं गार्लंडच्या वडिलांची, निकोलस गार्लंड यांची. ते ‘डेली टेलिग्राफ’चे राजकीय व्यंगचित्रकार होते. तिच्या आधी, २००२ मध्ये, त्याच्या पहिल्या पटकथेवरचा ‘२८ डेज लेटर’ आला होता. त्याचा नायकही कोमातूनच उठतो, आणि रिकाम्या लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलावर रुग्णालयाच्या कपड्यांत हिंडतो. पहाटे रहदारी थोडा वेळ अडवून हलक्या डिजिटल कॅमेऱ्यांवर घेतलेलं ते दृश्य आजही अंगावर येतं. सगळं विसरलेला माणूस आणि सगळं बदललेलं जग, हे त्याचं भांडवल तेव्हापासूनचं.

आपल्याकडे लेखक-दिग्दर्शक म्हटलं की अत्रे आठवतात आणि पु.ल. ‘श्यामची आई’ करताना अत्र्यांनी साने गुरुजींचं पुस्तक मिटून ठेवलं असतं, तर महाराष्ट्राने ते खपवून घेतलं नसतं. ते बरोबरच होतं. त्या पुस्तकाशी लोकांचं नातं निराळं आहे. पण प्रत्येक कादंबरीला आपण तेच सोवळं नेसवतो, तिथे घोळ होतो. गार्लंडनेही एकदा सोवळ्यात स्वयंपाक करून पाहिला. इशिगुरो त्याचा मित्र. त्याच्या ‘नेव्हर लेट मी गो’ची पटकथा गार्लंडने लिहिली, मार्क रोमानेकने दिग्दर्शित केली, २०१० मध्ये. प्रामाणिक आणि देखणा सिनेमा आहे. आणि कादंबरी वाचून जी कळ बराच काळ जात नाही, ती सिनेमा संपल्यावर रिक्षात बसेपर्यंत ओसरते.

‘एक्स मशिना’त अशी अडचण नव्हती, गोष्ट त्याचीच. दिग्दर्शक म्हणून नाव लागलेला त्याचा हा पहिला सिनेमा. (‘ड्रेड’ खरं तर गार्लंडनेच दिग्दर्शित केला, असं त्याचा नायक कार्ल अर्बन नंतर म्हणाला, श्रेयनामावलीत पीट ट्रॅव्हिस आहे.) सुमारे दीड कोटी डॉलरांत केलेल्या या चित्रपटाने दृश्यपरिणामांचं ऑस्कर नेलं, तेही ‘मॅड मॅक्स’ आणि ‘स्टार वॉर्स’च्या नाकावर टिच्चून. मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एव्हा या यंत्रस्त्रीचं मन कशातून घडवलंय? जगभरच्या लोकांनी सर्च इंजिनमध्ये टाईप केलेल्या गोष्टींतून. म्हणजे इथेही आठवणीच, फक्त दुसऱ्यांच्या आणि न विचारता घेतलेल्या. ‘डेव्हज’ ही आठ भागांची मालिका हीच भूक शेवटापर्यंत नेते : सगळा भूतकाळ यंत्रावर जसाच्या तसा बघायचा. कल्पना जबरदस्त, पण पात्रं व्याख्यान दिल्यासारखी बोलतात. ‘मेन’ या त्याच्या सिनेमाबद्दल न बोललेलं बरं.

२०२४ च्या ‘सिव्हिल वॉर’वर अमेरिकेत एक तक्रार सतत झाली : कॅलिफोर्निया आणि टेक्सस एकत्र येऊन राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लढतात, पण का, ते सांगत नाही. ही तक्रार मला अर्धीच पटते. तो सिनेमा युद्धाबद्दल कमी आणि छायाचित्रकारांबद्दल जास्त आहे. वडिलांच्या धंद्यामुळे गार्लंड पत्रकारांच्या गराड्यातच वाढला. जेसी ही पोरगी जुन्या निकॉनवर रोल घालून फोटो काढते आणि वाटेत स्वतःच धुते. शेवटी मेलेल्या राष्ट्राध्यक्षाभोवती हसत उभ्या सैनिकांचा फोटो श्रेयनामावलीबरोबर हळूहळू उमटत जातो. कारणं न सांगण्यात मात्र थोडी चलाखी आहे. सगळ्या बाजूंची तिकिटं खपली पाहिजेत, हे गणित त्यात दिसतंच.

याच सिनेमाचा लष्करी सल्लागार रे मेंडोझा, माजी नेव्ही सील. त्याच्याबरोबर गार्लंडने २०२५ मध्ये ‘वॉरफेअर’ केला : नोव्हेंबर २००६, इराकमधलं रमादी, एका घरात अडकलेली तुकडी. नियम एकच, तिथे असलेल्यांपैकी कुणाला तरी आठवतं तेच दाखवायचं. पार्श्वसंगीत नाही, घरच्या आठवणींची दृश्यं नाहीत, कुणी कुणाला आपली कहाणी सांगत नाही. हे कुणासाठी? तुकडीतल्या एलियट मिलरसाठी. त्या दिवशी तो इतका जखमी झाला की त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. सिनेमा त्यालाच अर्पण केलाय. सात वर्षांपूर्वी आठवणीला मोकाट सोडणारा हाच माणूस इथे तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करतो.

मी थक्क झालो, आणि अस्वस्थही. घर एका इराकी कुटुंबाचं आहे. सैनिक रात्री घुसतात, त्या कुटुंबाला एका खोलीत कोंडतात, घराच्या चिंध्या होतात आणि सैनिक निघून जातात. कुटुंब खोलीतून बाहेर येतं, मोडलेलं घर बघतं. त्यांना काय आठवतं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. नियम कितीही कडक असो, आठवण कुणाची घ्यायची हे दिग्दर्शकानेच ठरवलेलं असतं. इथे गार्लंड कमी पडला असं माझं मत आहे, आणि ते ‘सिव्हिल वॉर’च्या तक्रारीपेक्षा गंभीर आहे.

आता तो ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमवर सिनेमा करणार असल्याचं जाहीर झालंय. तो स्वतः गेमवेडा आहे. ‘२८ डेज लेटर’मागे ‘रेझिडेंट ईव्हिल’ होता, हे त्याने लपवलेलं नाही. पण गेमच्या चाहत्यांनी एकेक गुहा दहादहा वेळा पालथी घातलेली असते. कुठल्या राक्षसाच्या हातात कुठली तलवार, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं. ‘न्याय दिलाय का’ विचारणारे आपले मराठी वाचक त्यांच्यापुढे फारच सोशिक.