नोंदवहीचा नवा वाचक

मोठ्या कुटुंबांत भांड्यांवर नांव घालण्याची चाल कां पडली, हें आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. घागर आज कोठीघरांत असेल, उद्यां शेजारच्या कार्याला गेलेली असेल. जागा बदलते, कोरलेलें नांव राहतें. संगणकांच्या जाळ्यांतही हीच व्यवस्था आहे. तेथील यंत्राला दोन ओळखी असतात. एक आयपी पत्ता, म्हणजे फळीवरची जागा; ती वेळोवेळीं बदलूं शकते. दुसरी मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यांतच दिलेलें नांव. त्याच्या सहा घटकांपैकीं पहिल्या तिहींवरून कारखानदार कळतो. (अलीकडचे मोबाइल फोन मात्र हें नांवही मुद्दाम बदलून सांगतात. मालकाचा माग कोणीं काढूं नये म्हणून हें सोंग आहे, आणि तें मला तरी योग्य वाटतें.)

अशा यंत्रांची नोंदवही ठेवणारीं साधनें बरीच आहेत. त्यांपैकीं नेटबॉक्स हें २०१६ सालीं सर्वांसाठीं खुलें झालें. शाळेंतील जडसंग्रहाची वही ज्यांनीं सांभाळली आहे त्यांना तिचे रकाने परके वाटणार नाहींत: वस्तु कोणती, कोठें ठेवली, कशाला जोडली, चालू कीं मोडकी. नवें आहे तें इतकेंच कीं, ही वही आतां एआय एजंटही वाचूं लागला आहे. एजंट म्हणजे सोंपविलेलें काम स्वतः पायऱ्या ठरवून करणारा यंत्ररूपी गुमास्ता. अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा संकेत प्रसिद्ध केला. त्यानुसार साधनानें आपलें नांव, आपलें वर्णन व आपणांस कोणती माहिती पुरवावी लागते तें लिहून द्यावयाचें असतें. गुमास्ता तें वर्णन वाचतो आणि त्यावर विसंबून साधन हातीं घेतो.

पुण्यास असलेले आमचे चिरंजीव पुतणे सांप्रत असलींच वर्णनें लिहिण्याच्या उद्योगांत आहेत. त्यांनीं एक मसुदा मजकडे पाठविला. "काका, तुम्ही भाषेच्या चुका तेवढ्या पाहा," एवढीच अपेक्षा होती. भाषा बरी होती. मला अडलें तें एका विधानापाशीं. जें यंत्र हांकेला उत्तर देत नाहीं तें जाळ्यांत नाहीं असें धरावें, अशा अर्थाचें तें वाक्य होतें.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें खरें, पण त्याला योग्यतेची अट घातली. जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. लख्ख उजेडांत भुईवर घडा दिसला नाहीं तर तो तेथें नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच ठरलें नाहीं. माणूस हा भेद न शिकवितां करतो. गुमास्त्याला तो लिहूनच द्यावा लागतो.

आमच्या सौंदडसारख्या गांवांसाठीं हा वाद पुस्तकी नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. मूळ आंखणींत तालुक्याच्या बाजूला ओएलटी नांवाचें मुख्य यंत्र, ग्रामपंचायतींत ओएनटी नांवाची पेटी, आणि मधें एका तंतूंतील प्रकाश अनेकांत वांटणारा स्प्लिटर. या स्प्लिटरला वीज लागत नाहीं आणि जाळ्यांतला पत्ताही नसतो. एसएनएमपी या १९८८ पासूनच्या संकेतानें "तूं कोण?" असें दहा वेळां विचारलें तरी तो बोलणार नाहीं. तो आहे हें फक्त वहींत लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक.

पेटीचें मौन आणखी निराळें. रोवणीच्या दिवसांत वादळवाऱ्यानें वीज गेली कीं ती गप्प होते. रस्ता खणतांना तंतु तुटला तरीही गप्पच होते. पण येथें एक सुंदर सोय आहे. वीज जातांच ही पेटी शेवटचा एक संदेश धाडून विझते. परिभाषेंत त्याला डाइंग गॅस्प, म्हणजे अखेरचा श्वास, असेंच म्हणतात. तो आला तर दोष विजेचा. न आला तर तंतूवर संशय घ्यावा. ही खूण वर्णनांत नसेल तर गुमास्ता दोन्ही मौनें सारखींच मोजणार, आणि उत्साहाच्या भरांत ती पेटी वहींतून कमी करणार. नोंद पुसलेल्या पेटीच्या दुरुस्तीला कोण येणार? दाखल्यासाठीं दोन कोस चालून आलेला शेतकरी मात्र माघारी जाईल.

दुसरा घोटाळा काळार्थांचा. जाळें कसें असावें हें नेटबॉक्समध्यें नोंदवावयाचें असतें. तें कसें आहे याची तपासणी निराळी. म्हणून तेथें यंत्राची स्थिति 'चालू' असेल तशी 'नियोजित'ही असूं शकते. विध्यर्थाला वर्तमानकाळ समजणारा विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिला आहे, पण त्याच्या हातीं कोणी तालुक्याचें जाळें दिलें नव्हतें. आपण केवळ वाचणारें साधन आहों, असेंही वर्णनांत सांगतां येतें. तथापि ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. कुलूप परवान्यांतच घालावें लागतें.

मीं पुतण्यांना लिहिलें कीं, प्रत्येक उत्तराबरोबर यंत्र शेवटचें केव्हां दिसलें व तें कोण सांगतें, तपासणी कीं माणूस, हें द्यावें; आणि माणसाच्या संमतीवांचून कोणतीही नोंद पुसूं देऊं नये. त्यांचा आक्षेप असा कीं, वर्णन लांबलें म्हणजे गुमास्त्याची स्मरणाची जागा त्यांतच खर्च होते. आक्षेप खरा आहे; सूत्रकारांनाही ही काटकसर ठाऊक होती. शेवटीं त्यांनीं तें चार ओळींत बसविलें, आणि 'उत्तर नाहीं' व 'यंत्र नाहीं' हीं दोन उत्तरें वेगळीं केलीं. स्प्लिटरांचे रकाने मात्र अद्याप रिकामे आहेत. ते भरण्यासाठीं कोणाला तरी वही घेऊन रस्त्याच्या कडेनें चालत जावें लागेल.