कण्यांवर तुपाची धार

खामगाव-मलकापूर रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्या वाचा दोस्तहो. ‘अस्सल वऱ्हाडी’. ‘चुलीवरचं’. ‘गावरान’. आत ज्वारीची भाकर पितळेच्या ताटात, वर लोण्याचा गोळा, बाजूला ठेचा. साहेब लोक गाड्या थांबवून जेवतात अन् म्हणतात, काय ती जुनी चव!

कोणाची जुनी?

आमच्या घरात ही भाकर होती तेव्हा तिला कोणी अस्सल म्हणत नव्हतं. ती पुरतच नव्हती. पुरली नाही की कण्या. मूठ-दोन मूठ ज्वारी जात्यावर भरडायची, रटरट शिजवायची, अन् तोंडं वाढली की पाणी वाढवायचं. ताक मिळालं तर सण. त्या ताकासाठी माय वाड्याच्या ओट्याखाली गाडगं धरून उभी राहायची, अन् ताक वरून ओतलं जायचं. तरी कण्या आजही गोड लागतात, खोटं कशाला बोलू? तापातून उठलं की मले अजून त्याच लागतात. पण ती गोडी मायच्या हाताची आहे. गरिबी गोड नव्हती. हॉटेलवाल्याला दोन्ही एकत्र कालवून विकायचं आहे.

शेगावची गोष्ट जिल्ह्याला पाठ आहे. २३ फेब्रुवारी १८७८. गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. लोकांना त्यात ब्रह्म दिसलं. बरं, दिसो. पण ह्याच वऱ्हाडात आमचे आजे-पणजे तश्याच पत्रावळ्यांवर जगत होते. त्यांच्यात कोणाला ब्रह्म दिसलं? महार दिसला, मांग दिसला, अन् ‘दूर हो’ ऐकू आलं.

म्हणून १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी बजावलं: मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे-उष्टे तुकडे सोडा. तो तुकडा गावकीची दावण होता. आमच्या लोकांनी ती तोडली, उपास काढून तोडली. तो उपास कोणत्या हॉटेलच्या पाटीवर आहे?

आता सरकारची तऱ्हा बघा. २०१५ साली महाराष्ट्रात गायीसोबत बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. बाजारातून रोख पैसे मोजून आणलेलं ‘मोठ्याचं’ गरिबाच्या ताटातून गेलं. अन् २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, तेव्हा दिल्लीच्या अर्थसंकल्पात आमच्या ज्वारी-बाजरीचं ‘श्री अन्न’ झालं. एकाच चुलीवरची दोन भांडी. एकाला ‘श्री’, दुसऱ्याला तुरुंग. हा निवाडा कोणाच्या जिभेनं केला?

आपल्यातले नोकरीवालेही काही कमी नाहीत. पाहुणे आले की ह्याच कण्यांत काजू-कढीपत्ता पडतो, अन् ताटात येतो ‘ज्वारीचा उपमा’! घाला ना काजू, घाला तूप. बुढीलेही तूप आवडलंच असतं, तिला ते दिलं कोणी? पण लेकरानं विचारलं, “याले काय म्हनतात?” तर कण्या म्हणा. अन् कण्या का खाव्या लागल्या तेही सांगा, घास तोंडात असतानाच सांगा.

शाहू पाटोळेंनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. बुलडाण्याची नोंद आपण करायची. नुसती पाककृती नको. दाणे किती होते, कोणत्या कामाचे मिळाले, कोणी किती कापून घेतले, घरात शेवटी कोण जेवलं, हे लिहा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून लाल मिलो अन् सुकडी खाल्लेल्या बाया मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडं अजून आहेत. सत्तरीच्या पुढं गेल्या आहेत त्या. येत्या रविवारी मोर्चा नाही, बैठक नाही. वही घेऊन त्यांच्या चुलीपुढं जाऊन बसा.