चाळिशीच्या अलीकडचे ऊन

उन्हाळ्याचा विषय निघाला की श्रीरामपूर, राहुरी, राहाता या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येते, 'आपल्याकडं काय, नागपूर-अकोल्यासारखं ऊन थोडंच असतं!' त्यात तथ्य आहे. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा प्रवरेच्या कालव्याखालचा हा भाग बहुधा ४० च्या आसपास असतो. पुणे आणि नाशिक तर सुखद हवेसाठीच ओळखली जातात. मात्र या समजुतीमुळे सौम्य हवेच्या गावांत उन्हाकडे दुर्लक्ष होते आणि ते जिवावर बेतू शकते.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला की शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. नुसता ओघळलेला घाम काही उपयोगाचा नाही. तो वाळला तरच गारवा मिळतो.

या यंत्रणेला सवय लागते. रोज थोडे थोडे ऊन अंगावर घेतले, तर एक ते दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. चंद्रपूरचा मजूर ४२ अंशांत काम करू शकतो त्यामागे ही सवय असते, तिथल्या कामाच्या वेळा असतात आणि उन्हासाठी बांधलेली घरेही असतात. सौम्य हवेच्या गावात या तिन्ही गोष्टी कमी असतात. त्यातच ऊन अचानक वाढले, तर शरीराला तयारीला वेळ मिळत नाही. म्हणून मोसमातील पहिली उष्ण लाट अधिक घातक ठरते. पुण्यात २८ एप्रिल २०१९ रोजी पारा ४३ अंशांवर गेला होता. नागपूरकराला नेहमीचा वाटणारा हा आकडा पुणेकराच्या शरीरासाठी नवखा होता.

जगाचा अनुभवही हाच आहे. २००३ च्या उन्हाळ्यात एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार लोक उष्णतेने दगावले. २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया या थंड प्रांतात आठवडाभराच्या लाटेत ६१९ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बहुतेक सर्व जण घरातच होते आणि त्यांत वयस्कर, एकटे राहणारे जास्त होते. महाराष्ट्रातील उदाहरणही ताजेच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर दुपारी लाखो लोक उघड्यावर बसले होते. पारा तेव्हा ३८ अंशांच्या आसपास होता, चाळिशीला पोहोचलाही नव्हता. तरी १४ जणांना प्राण गमवावे लागले. समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर थेट ऊन आणि तासन् तास एकाच जागी बसणे यांचा हा परिणाम होता.

सरकारी इशाऱ्याची चौकट इथे अपुरी पडते. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवे, किंवा थेट ४५ अंश हवे. शिवाय एका हवामान उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती असावी लागते. अहिल्यानगर जिल्हा ज्या 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात येतो, त्यात जळगावही आहे आणि महाबळेश्वरही! सलग पंधरा दिवस पारा ३९-४० वर राहिला, तर कागदावर उष्णतेची लाट नसते. रुग्णाच्या शरीराला मात्र ती असते.

जाहीर होणारे तापमान हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतील, म्हणजे सावलीतले असते. बाजार समितीत गोणी वाहणारा हमाल, डांबरी रस्त्यावरचा हातगाडीवाला किंवा पत्र्याच्या घरातील बाळंतीण त्याहून बरीच अधिक उष्णता सोसते. दिवसभर तापलेली सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. रात्री शरीर निवले नाही, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्याने होते.

ऊस आणि कालव्यांमुळे हवा थंड राहते, हेही अर्धेच खरे. ओलितामुळे दिवसाचे तापमान थोडे उतरते, पण हवेतील ओलावा वाढतो आणि घाम वाळणे मंदावते. भारतातील ओलिताखालच्या प्रदेशांत दमट उष्णतेचा ताण वाढल्याचे 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकातील २०२० च्या अभ्यासात दिसून आले. उंच उसाच्या सरीत वारा लागत नाही, तिथे काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वळीव पडून गेल्यावरचा उकाडा हा त्यातलाच प्रकार आहे. याउलट चैत्र-वैशाखातल्या कोरड्या दुपारी घाम इतक्या झटपट वाळतो, की अंगातले पाणी कमी झाल्याचे कळतही नाही.

सर्वाधिक धोका असतो तो वृद्ध, लहान मुले, गर्भवती, उघड्यावर कष्ट करणारे आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणारे यांना. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांची औषधे उष्णता सहन करण्याची क्षमता घटवतात. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे.

चक्कर, मळमळ, पायांत गोळे, भरपूर घाम ही ऊन बाधल्याची पहिली लक्षणे. सावली, विश्रांती आणि ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक यांनी बहुतेकांना बरे वाटते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजल्यासारखे तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नसतो. खिशातला कांदाही कामाचा नाही. त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडणे मात्र महागात पडते.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर तिथल्या महापालिकेने शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासून स्वतःची इशारा-पातळी ठरवली आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. तालुक्याच्या गावालाही हे जमण्यासारखे आहे. नगरपालिकेच्या मृत्युनोंदी आणि रोजचे तापमान शेजारी शेजारी मांडले, तर गावाला कोणत्या आकड्यापासून जपायला हवे हे कळू लागेल. उन्हाने गेलेला वृद्ध बहुधा 'हृदयविकार' म्हणून नोंदला जातो. त्यामुळे एकूण मृत्यूंची संख्या पाहणेच अधिक उपयोगी.

तोवर काही गोष्टींना आराखड्याचीही गरज नाही. बाजार समितीतील चढ-उतार आणि बांधकामे दुपारी १२ ते ४ बंद ठेवता येतात. बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाबाहेर सावली आणि पाणी देता येते. लग्नाची वरात आणि राजकीय सभा संध्याकाळी घेता येतात. कामावर नव्याने रुजू झालेल्या मजुराला पहिला आठवडा निम्मे काम देता येते. आणि पारा ३९ वर असला तरी शेजारच्या एकट्या आजींच्या दारात दुपारी एकदा डोकावता येतेच.